हात वर आला की

उस्तादाचा हात हलका आहे, असं सगळं यार्ड म्हणायचं. नऊ टनांचं पोलादाचं भेंडोळं तो क्रेनवरून असं टेकवायचा की खालचा लाकडी ठोकळा साधा कुरकुरायचाही नाही. त्याचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कोणी वापरत नसे. त्याच हलक्या हाताने त्याने बायकोचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, हे यार्डात कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक होतं, पण ठाऊक नव्हतं. अशा गोष्टी माणसं कशी ठाऊक ठेवतात ते काही नव्याने सांगायला नको.

बायको त्याच यार्डात, स्टोअरमध्ये होती. क्रेनच्या आकड्याला अडकवायचे जाड विणीचे उचलपट्टे तपासणं हे तिचं काम. जांभळा पट्टा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा, पिवळा तीन. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी एकेक पट्टा तळव्याखालून सरकवायचा, दुमडून कडा बघायच्या. वीण तुटून आतला लाल धागा दिसला की पट्टा बाद. आणि बाद पट्टा नुसता कोपऱ्यात भिरकवायचा नाही, मोठ्या कात्रीने तिथल्या तिथे त्याचे दोन तुकडे करायचे, म्हणजे घाईत कोणी तो पुन्हा आकड्याला लावणार नाही. तिला सगळे पट्टेवाली म्हणायचे.

यार्डात एक नियम होता आणि तो साहेबापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना पाठ होता. क्रेनला ‘चल’ म्हणायचा अधिकार फक्त एका माणसाचा. तो माणूस म्हणजे शिट्टीकाका. गळ्यात शिट्टी अडकवून ते खाली उभे राहायचे आणि हाताच्या खुणांनी क्रेन चालवून घ्यायचे. पण ‘थांब’ कोणीही म्हणू शकतं. ट्रकचा क्लीनर म्हणू शकतो, चुकून आत शिरलेला पोस्टमन म्हणू शकतो. कोणाचाही पंजा वर आला की क्रेन जागच्या जागी थांबते. का, कशाला, ते नंतर.

लग्नाच्या आधी एकदा झाडूवाल्या आजींनी भर दुपारी डोक्यावरचा फडका सारखा करायला हात वर नेला. आठ टन हवेत होते, ते तिथेच थांबले. शिट्टीकाकांनी आजींचा चांगला उद्धार केला. पण भार खाली टेकवून झाल्यावर, चहाच्या सुट्टीत, उस्ताद मुद्दाम आजींकडे गेला आणि म्हणाला, “आजी, हात वर आला की मी थांबणार. कारण विचारणार नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” आजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

पट्टेवाली तेव्हा स्टोअरच्या दारात उभी होती, तेवीस वर्षांची. जो माणूस झाडूवालीच्या हातासाठी आठ टन थांबवतो, तो माझ्या हातासाठी काय नाही थांबवणार, असा हिशेब तिने तिथल्या तिथे करून टाकला. त्याने विचारलं तेव्हा तिने एक दिवसही मागून घेतला नाही. अशी चूक यार्डातलीच पोरगी करू जाणे. बाहेरच्या मुलीने निदान घरात कोण कसं वागतं याची चौकशी केली असती.

पहिली थप्पड आठव्या महिन्यात, ओल्या टॉवेलवरून. तिने हात वर केला, चेहऱ्यासमोर उघडा पंजा, कोणीही करेल तसा. त्याने तो पडदा सारावा तसा बाजूला सारला आणि मारलं. मग त्याला सवय लागली. आधी हाताने, मग लाथेने, मग एका दिवशी जांभळ्या पट्ट्याने. स्टोअरमधला एक जांभळा पट्टा हरवला, असं साहेबांना तिने स्वतःच सांगितलं, कारण तो कुठे आहे हे तिच्या पाठीला माहीत होतं. घरी कपाटामागच्या खिळ्याला तो टांगलेला असायचा.

आणि सासूबाई? त्या स्वयंपाकघरात. आवाज चढला की त्या नातीला काखोटीला मारायच्या, मधलं दार ओढून घ्यायच्या आणि मिक्सर लावायच्या. रिकामा. भांड्यात काही नसायचं, पाती नुसती किंचाळत फिरायची. यार्डाच्या क्वार्टर्सच्या भिंती पातळ, वरखाली सगळी यार्डातलीच माणसं. पण मिक्सर चालू असला की लोक समजतात, स्वयंपाक चाललाय. मार संपला की मिक्सर बंद व्हायचा. मग सासूबाई ओलं फडकं घेऊन यायच्या आणि तिच्या हातात देऊन म्हणायच्या, “त्याचं डोकं तापलेलं दिसत असताना तोंड कशाला उघडायचं? काय मिळतं तुला?” एकदा पट्टेवाली अनवाणी जिन्याकडे पळाली, तेव्हा ह्याच बाईने तिचा अंबाडा धरून तिला घरात ओढलं होतं आणि कडी लावली होती. “बाहेर तमाशा करायचा नाही.”

गळपट्टीचं हाड मोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, उस्ताद क्रेनवर असताना, ती मुलीला घेऊन दादाकडे निघून गेली. मुलगी सात वर्षांची. पुढचे दोन दात मोठे आणि तोंडात सतत काहीतरी कुरतडणं चालू, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. पट्टेवालीने तक्रार केली. कोर्टाने उस्तादाला दर शनिवारी बायकोला मारणाऱ्या पुरुषांच्या एका गटात बसायचा हुकूम दिला. सव्वीस आठवडे. तोवर त्याने तिच्या परवानगीशिवाय भेटायचं नाही. स्टोअरमध्ये तिने रात्रपाळी नको, त्याची शिफ्ट नको, असं सांगून वेळ बदलून घेतली.

सव्वीस आठवडे त्याने एकही शनिवार चुकवला नाही. गटाच्या बाईंनी तसं प्रमाणपत्र दिलं. मग तिच्या होकाराने तो दर रविवारी फुलं घेऊन दादाकडे येऊ लागला, आणि काय बोलायचा! “मी माझ्या रागाची जबाबदारी घेतो,” म्हणायचा. “मला लहानपणी जे मिळालं ते मी तुला दिलं,” म्हणायचा. डोळे भरून यायचे. दादा तर विरघळलाच. दादाच्या दोन खोल्यांत पाच माणसं झाली होती, त्याला विरघळायला फार ऊन लागत नव्हतं. “माणूस बदललाय गं,” तो म्हणायचा. “अजून काय हवंय तुला? त्याने नाक घासायचं का?”

पट्टेवाली ऐकून घ्यायची. तिचं मन तयार होत नव्हतं. मग एका रविवारी उस्तादाने सरळ तिच्या मर्मावरच बोट ठेवलं.

“घरातही यार्डाचाच नियम,” तो म्हणाला. “तू हात वर केलास की मी थांबणार. कारण विचारणार नाही.”

तिला एकदम ती दुपार आठवली, आजींचा फडका, हवेतले आठ टन. हा माणूस परत आला, ज्याच्यासाठी मी हो म्हटलं होतं तो, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचा तिला आनंद झाला. तो आनंद खोटा नव्हता. बिचारीला कितीतरी वर्षांत मिळाला नव्हता.

खारूने त्याचा खेळच केला. बाबा कप तोंडाला लावतोय, पंजा वर, बाबा पुतळा. बाबा चप्पल घालतोय, पंजा वर. बाबा एका पायावर. दादा हसून हसून लाल झाला. चौथ्या वेळेला मात्र पट्टेवालीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थांबला होता, पण डोळे फिरत होते, कोण कोण बघतंय ते बघत होते. जबड्याचं हाड कातडीखाली हललं. तिने ते पाहिलं आणि बाजूला ठेवून दिलं. दिवसभर पट्टे दुमडून लाल धागा शोधणारी बाई, पण स्वतःच्या आशेला कोण दुमडून बघतं?

त्याच आठवड्यात, कामावरून परतताना, दादाच्या दारात सासूबाई उभ्या दिसल्या. एकट्याच. हातात काही नाही.

“मी मिक्सर लावायचे,” त्या म्हणाल्या. “रिकामा. तुझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आणि जिन्यावरून तुला ओढलं, तेही मीच. तुला सगळं माहीत आहे. पण मी कधी तोंडाने बोलले नव्हते.”

पट्टेवालीच्या डोक्यात तिडीक गेली. ह्या बाईला आता, घर रिकामं झाल्यावर, उमाळा आला होय! “झालं बोलून? आता काय हवंय? पाया पडू?”

“नाही.”

“मग मुलाची शिफारस करायला आलात?”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “घरी येणार असलीस तर नीट विचार कर.”

“म्हणजे मी येऊ नये! अजून माझंच चुकतंय!” तिने त्यांच्या तोंडावर दार आपटलं. बाहेरून हाक नाही, रडणं नाही. थोड्या वेळाने जिन्यावर चपलांचा आवाज झाला, एवढंच. फुलं घेऊन येणाऱ्याला तिने घरात बसवलं आणि हात हलवत आलेलीला हाकललं. पुढे कितीतरी दिवस तिला हे आठवून लाज वाटायची.

ठरलं असं की एका रविवारी तिने खारूला घेऊन दुपारी क्वार्टरवर जेवायला जायचं, घर बघायचं आणि परत राहायला येणार की नाही ते सांगायचं. दादाने तिची बॅग भरूनच ठेवली होती. पण जिना चढता चढता तिचं ठरलं, आज ‘नाही’ म्हणायचं नाही, पण ‘हो’ही म्हणायचं नाही. सहा महिने मागायचे. लग्नाच्या वेळी मागितला नव्हता तो वेळ आता मागायचा.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या त्याने रंगवल्या होत्या. खारूसाठी छोटा पलंग, नवे पडदे. जेवण त्यानेच वाढलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसल्या होत्या, जेवल्या नाहीत. खारू खिडकीशी चित्र काढत होती.

“मग? दादाला निरोप देऊ, संध्याकाळी सामान आणायचा?” उस्तादाने विचारलं.

“मी अजून सहा महिने येणार नाही,” ती म्हणाली. “दर रविवारी येत जाईन. पुढे बघू.”

तो हसला. “सहा महिने.”

“हो.”

“सव्वीस आठवडे कमी पडले?”

“तसं नाही म्हणत मी.”

“नाही, सांग ना. पंधरा परक्या बाप्यांसमोर रडलो मी. त्या बाईने जे जे लिहायला सांगितलं ते ते लिहिलं. दर शनिवारी रजा टाकली. घर रंगवलं.” त्याचा आवाज एकेक पायरी चढत होता. “आणि तू काय केलंस गं? तू काय बदललीस? बसून बघत राहिलीस, मी कसा नाचतो ते!”

तिने हात वर केला. उघडा पंजा.

तो थांबला. तोंड अर्धं उघडं, बोट हवेत. तिने मनात चारपर्यंत मोजलं. तिला वाटलं, जमलं.

मग तो अगदी शांतपणे म्हणाला, “कारण?”

“काय?”

“हात वर केलास ना? कारण सांग.”

तिला उत्तर सुचायच्या आत त्याने तो वरचा हातच पकडला. दोन बोटं धरली आणि मागे वाकवली. कडकन आवाज झाला. तिला आधी वाटलं, ताट फुटलं. ओरडायला तोंड उघडलं त्यावरच दुसरा हात बसला. खुर्चीसकट ती मागे गेली, टेबलाची कड कानामागे लागली, गरम काहीतरी मानेवरून उतरलं. ती जमिनीवर पडल्यावर त्याने फासळीत लाथ घातली. एक. दुसरी. मग जरा सरकून, नीट जागा बघून, तिसरी. श्वास घ्यायला गेली तर आत हवाच शिरेना. “सहा महिने पाहिजेत,” तो म्हणत होता. “घे. सहा महिने घे.”

टेबलाखालून तिला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. स्टूल रिकामं झालं. सासूबाईंचे पाय खिडकीकडे गेले, खारूचा हात धरून परत आले. आता मधलं दार लागणार. आता मिक्सर. लाथेपेक्षा त्या आवाजाची तिला जास्त भीती वाटली; तो सुरू झाला की जगात कोणी नसायचं.

मिक्सर लागला नाही. बाहेरच्या दाराची कडी वाजली. दार भिंतीवर आपटलं आणि सासूबाईंचा आवाज जिन्यात घुमला. इतका मोठा आवाज त्यांच्यापाशी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

“खारू, पळ! शिट्टीकाकांना बोलाव! अहो, वर या कोणीतरी! माझा मुलगा बायकोला मारतोय! माझा मुलगा! तिसरा मजला!”

उस्ताद क्षणभर चक्रावला. मग कपाटाकडे गेला, मागे हात घातला आणि खिळ्यावरचा जांभळा पट्टा खेचला. सव्वीस आठवडे, रंगकाम, नवे पडदे, आणि पट्टा होता तिथेच होता. पण हातात आला तो जेमतेम वीतभर तुकडा. कापलेला. बाकीचे तुकडे कपाटामागे टपटप खाली पडले.

“हा कोणी कापला?”

“मी,” दारातून सासूबाई म्हणाल्या.

“दार लाव.”

“नाही लावणार.”

“आई, दार लाव!”

त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. त्यांना यार्डाचे नियम काही ठाऊक नव्हते. मारायला येणाऱ्यापुढे माणूस करतो तसा केला. साठी उलटलेल्या बाईचा पंजा. तो थांबला नाही. त्याने तो हात धरून दाराच्या चौकटीवर आपटला. मनगट भलत्याच ठिकाणी वाकलं. त्या खाली बसल्या तर त्याने केस धरून आत ओढलं, पण त्यांनी दुसऱ्या हाताने चौकट धरून ठेवली आणि ओरडणं काही थांबवलं नाही. “वर या! वर या!” त्याने तोंडावर मारलं. दात पडला. तोंडातलं रक्त सांडत होतं, तरी त्या ओरडत होत्या. त्याने पाय उचलला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून शिट्टीकाका जिन्याच्या वळणावर आले. अंगात बनियन, हात खरकटे. त्यांनी काही विचार केला नसेल. तीस वर्षांची सवय. पंजा वर गेला.

उस्ताद थांबला.

पाय हवेतच थांबला. मग त्याने तो अलगद खाली ठेवला, लाकडी ठोकळ्यावर भेंडोळं टेकवतात तसा. शर्ट खाली ओढला. केसांवरून हात फिरवला. “काका, घरगुती आहे,” तो म्हणाला. आवाजात कंप नाही, श्वाससुद्धा लागलेला नाही.

पट्टेवाली जमिनीवरून हे बघत होती. एका डोळ्यात रक्त उतरलं होतं, पण दुसऱ्याने तिला स्वच्छ दिसलं. इतकी वर्षं ती समजत होती की ह्याचा स्वतःवर ताबा राहत नाही, ह्याला थांबता येत नाही, कोणीतरी ह्याला थांबायला शिकवलं पाहिजे. ह्याला थांबता येत होतं! पहिल्या थप्पडीपासून येत होतं. फक्त कोणाच्या हातासाठी थांबायचं आणि कोणाच्या नाही, हे तो दर वेळी बघून ठरवत होता. तिला इतका संताप आला की मोडक्या बोटांचं दुखणंही क्षणभर विसरायला झालं.

शिट्टीकाकांचा हात मात्र पोलीस येईपर्यंत वरच होता. तो खाली घेतला तर काय होईल, ह्याची त्यांना खात्री नव्हती. खाली जमलेल्या बायकांपैकी एकजण हळूच म्हणाली, “आम्हाला वाटायचं, मिक्सर चालू आहे.”

हॉस्पिटलात दोघींना एकाच खोलीत ठेवलं, मध्ये हिरवा पडदा. पट्टेवालीच्या दोन बोटांना खपच्या, कानामागे नऊ टाके, तीन फासळ्या मोडलेल्या. पडद्यापलीकडे पोलीसबाई सासूबाईंचा जबाब घेत होती. सुजलेल्या तोंडातून शब्द चावून चावून यावेत तसे येत होते.

“आजचं सांगा, आजी.”

“आजचं शेवटी सांगते. आधी पहिल्यापासून लिहा.” आणि त्यांनी सांगितलं. ओल्या टॉवेलपासून. कोणत्या महिन्यात कुठे मारलं, पट्टा कोणत्या खिळ्याला असायचा, हाड मोडलं त्या दिवशी तो काय म्हणाला. पट्टेवाली जे विसरली होती तेही त्यांच्या लक्षात होतं. म्हणजे मिक्सर चालू असतानाही ऐकू येत होतं तर. “आता माझं लिहा,” त्या शेवटी म्हणाल्या.

“तुमचं काय?”

“मी कडी लावायचे. मिक्सर लावायचे. एकदा तिला केस धरून आत आणलं. तेही लिहा.”

“अहो आजी, तुम्ही तर मार खाल्लात. कशाला स्वतःवर ओढवून घेता?”

“मी आज खाल्ला,” सासूबाई म्हणाल्या. “लिहा.”

पट्टेवाली वाट बघत राहिली, आता पडदा सरकेल, आता त्या म्हणतील, बघ पोरी, मी तुझ्यासाठी काय केलं. मला माफ कर. पडदा सरकला नाही. पलीकडे थोडा वेळ खोकला ऐकू आला. तिला प्रथमच वाटलं की आपण दार चुकीच्या माणसाच्या तोंडावर आपटलं.

उस्ताद आत गेला. महिन्याभराने दादाने निरोप आणला, तो आणखी सव्वीस आठवडे करायला तयार आहे, हवं तर बावन्न. गटाच्या बाईंचंही म्हणणं आहे की संधी द्यावी. “सगळ्यांचं हेच मत आहे,” दादा म्हणाला.

“दादा, ‘चल’ एकच माणूस म्हणतं,” ती म्हणाली. “ते सगळे नाहीत. तूही नाहीस.”

दादाला काही कळलं नाही. यार्डात त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिने मात्र त्याच आठवड्यात यार्डाच्या मागच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एक खोली भाड्याने घेतली.

तिथे पहिल्या रविवारी सासूबाई आल्या. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात खारूच्या राहिलेल्या वस्तूंची पिशवी. पट्टेवाली जिन्याच्या वर उभी होती. त्यांना बघून तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. अंबाडा ओढला गेला होता ती जागा अजून दुखायची. तिने पंजा वर केला. उजवा, दोन बोटं वाकडी जुळलेला.

सासूबाई थांबल्या. एक पाय दुसऱ्या पायरीवर, एक तिसऱ्या. का, असं विचारलं नाही. हात मोडलाय बघ, म्हटलं नाही. पिशवी पायरीवर ठेवली आणि वळून निघून गेल्या.

पुढच्या रविवारी पुन्हा आल्या, खारूचा स्वेटर. पंजा वर. त्या थांबल्या, स्वेटर ठेवला, गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. तिने मुद्दाम परीक्षा पाहिली, खोटं कशाला बोला? एकदा तासभर ऊन खाऊन आलेल्या त्या बाईला पाणीही विचारलं नाही, पंजा दाखवून परत पाठवलं. लाल धागा शोधत होती ती. कुरकुर, उसासा, खारूला डोळ्यांनी केलेली एखादी खूण, शेजारणीपाशी घातलेलं रडगाणं, काहीही. आता पट्टा दुमडून बघायला ती शिकली होती. जिन्याखालच्या दुकानदाराला तिने एकदा विचारलंही, त्या बाई काही बोलतात का? “विचारलं होतं मी, घरात का नाही जात म्हणून,” तो म्हणाला. “म्हणाल्या, तिचं घर आहे.”

प्लास्टर निघालं. मनगट वाकडंच राहिलं. अकरा रविवार झाले.

बाराव्या रविवारी सासूबाईंच्या हातात काही नव्हतं. राहिलेल्या वस्तू संपल्या असाव्यात. त्या दोन पायऱ्या चढल्या आणि नेहमीच्या जागी स्वतःच थांबल्या. वर पट्टेवाली, तिच्या कमरेला बिलगून खारू. माफी वगैरे काही तिच्या मनात तयार झालेली नव्हती, पुढे कधी होईल असंही नाही. तिने हात वर केला नाही. तो समोर धरला, तळवा आभाळाकडे, आणि वाकड्या बोटांनी आपल्याकडे हळूहळू ओढलं. शिट्टीकाका क्रेनला करतात तसं.

सासूबाईंना खूण कळेना. त्या गोंधळून तिच्या चेहऱ्याकडे, मग हाताकडे बघत राहिल्या.

“आजी, म्हणजे ये,” खारू म्हणाली. “पण सावकाश.”

सासूबाईंनी कठडा धरला. एक पायरी चढल्या, थांबल्या, हाताकडे पाहिलं. हात तसाच होता. मग त्या पुढची पायरी चढल्या, आणि पुन्हा थांबून पाहिलं.